बाण मशीनकडे

सुरत रस्त्यावरचं बंद पडलेलं हॉटेल
मोडीत निघालं, तेव्हा त्याचं बर्फाचं मशीन
मी अकरा हजारांत उचललं.
धुळ्यातला वैशाख, स्टँडासमोर माझा लिंबू-सोड्याचा गाळा.
कुणीही शहाणी बाई उचलेल.

मशीन चांगलं आहे. दर तासाला एक पाटी
टणटण खाली टाकतं.
फक्त गिऱ्हाइकाचा ग्लास संपत आला की
तळाशी पांढरे कपचे दिसायचे,
कोंड्यासारखे.
परवा एका मास्तरणीने ग्लास उन्हाकडे धरला,
पाहिला,
पैसे दिले आणि अर्धा ठेवून गेली.
भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून बोअरच्या पाण्याची बाटली
पिशवीत घालून पाच कंदीलला,
मुर्तझाभाईंच्या दुकानात.

त्यांनी आधी पाण्यात मीटर बुडवला. सहाशे चाळीस.
मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"बेन, काढायचं काय आहे?"
सगळं, म्हटलं.
"सगळं काढल्यावर विकणार काय?
गाळ वेगळा, वास वेगळा, क्षार वेगळा."

काउंटरवर तीन नळकांडी मांडली,
पांढरी, एकसारखी,
एका मांडवात बसलेल्या जावयांसारखी.
साडेतीनशेचं नुसता गाळ धरतं.
नऊशेचं कोळशाचं, वास खातं.
तिसरं हलवलं तर आत खडे खुळखुळतात.
"हे क्षार काढत नाही, खोटं बोलणार नाही.
त्याला कुठे चिकटू देत नाही, एवढंच."
मला एकदम माझा धाकटा दीर आठवला.
त्याच्यासाठीही एक घ्यावं म्हटलं.

पाइप दोन सुती की तीन सुती?
टाकी गाळ्यापासून किती फूट वर?
जागा मागे आहे की बाजूला, हात जाईल ना बदलायला?
मी पत्र्यापर्यंतची उंची हातवाऱ्यांनी सांगितली.
ते म्हणाले, "मग एक मायक्रॉनचं नको.
पाणी इतकं गाळशील की
मशीन तहानेने मरेल. पाचचं ने."

मला वाटायचं, जितकं बारीक तितकं चांगलं.
लग्नाची मुलं बघतानाही असंच वाटलं होतं.

तेराशे दिले. संध्याकाळी भाची तेजल आली,
आयटीआयची फिटर, हातात टेफलॉनची गुंडाळी.
मी बसवून ठेवलेलं नळकांडं तिने पाहिलं
आणि कपाळावर हात मारला.
"मावशी, उलटं. हा बाण दिसत नाही?
बाण मशीनकडे."
पाण्याला दिशा असते हे माहीत होतं,
ती इतकी स्पष्ट लिहिलेली असते हे नव्हतं.

पहिल्या दोन बादल्या काळ्या आल्या, कोळशाच्या.
त्या गाळ्यापुढच्या धुळीवर मारल्या.
पहिल्या दोन पाट्या बर्फही फेकला, जीव तुटला.
मग आला तो खरा:
मधोमध पांढरं धुकं अजून आहे,
पण कडा काचेच्या.
तेजलने नळकांड्यावर मार्करने लिहिलं,
'दिवाळीनंतर बदलणे',
आणि पैसे न घेता दोन सोडे पिऊन गेली.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक धुडकूअप्पा,
एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर,
चार वर्षं रोज माझ्याकडेच.
एक घोट, मग दुसरा. बर्फ दाढेखाली फोडला.
"आज बरफले चवच नही, व माय."

हे कौतुक की तक्रार, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही, टोपी घालून उन्हात गेले.

मी त्यांचा ग्लास उचलून उन्हाकडे धरला,
त्या मास्तरणीसारखा.
तळाला काहीच नव्हतं.
बराच वेळ बघत राहिले.
मग स्वतःसाठी एक बनवला,
मीठ जरा जास्त घालून.