सरपणाची वही

हिंगणा रोडला तीन प्लॉट जोडून केलेली ही बाग
साठी ओलांडल्यावर मला जड जाऊ लागली,
तेव्हा मी फळांचा हिशेब सोडला
आणि सरपणाचा धरला.

लिंबाची छाटणी: दीड टोपलं, काटे फार.
शेवगा: पोकळ दिमाख, फुंकर घालेस्तोवर संपतो.
पेरू चिवट, निखारा धरून ठेवतो.
जास्वंदीत धूर जास्त, ऊब कमी;
आमच्या मोठ्या नणंदबाईंचं नाव मी तिथे लिहिलं होतं,
मग खोडलं.

बंब तांब्याचा, झाकणाला पोचा.
गिझर आहे. मुलानं बसवून दिलाय, वॉरंटीचा कागदही आहे.
पण पौषातल्या पहाटे पारा सातावर उतरतो
आणि त्या पाण्यानं अंग नुसतं ओलं होतं.

पूर्वी लकडगंजच्या आरामशीनवर
छिलपट पोत्यानं मिळायचं.
आता खुशाल मोटघरे भुसासुद्धा तोलून देतो.
"काकू, या जमान्यात बंब पेटवून राहिल्या तुम्ही?"
मी म्हटलं, "तू सागाचं छिलपट कोणाले देऊन राहिला, ते सांग."
हसला. दिलं नाही.

कळमन्यातून संत्र्याच्या फुटक्या पेट्या आणल्या एकदा,
ऑटोवाल्यानं त्यांचं वेगळं भाडं लावलं.
राखेतून एकशे चौदा खिळे निघाले,
पाणी कोमटच.

मग वीज मंडळाची माणसं आली, शिडी घेऊन,
तारेखालचा गुलमोहर सोलायला.
वांगी दिली, सांबाराच्या दोन जुड्या दिल्या,
आणि फांद्या फाटकाच्या आत टाकून घेतल्या.
हे मी 'उसनं' या सदरात लिहिलंय.
झाड रस्त्याचं होतं,
त्याच्या सावलीत रोज एक इस्त्रीवाला उभा असायचा.
दुसऱ्या दिवशी तो पलीकडे गेला,
माझ्याकडे न बघता.

गुलमोहर वर्षभर वाळला नाही.
टिनाखाली रचला, उन्हात काढला, परत रचला;
एकदा त्यातून विंचू निघाला, पाठीवर पिल्लं घेऊन,
मी झाडू उचलला आणि तसाच धरून उभी राहिले,
तोवर ती सगळी मंडळी भिंतीत गेली.

ईशान्येच्या कोपऱ्यात संत्र्याचं एक झाड होतं,
काटोलच्या नर्सरीतलं कलम, हे होते तेव्हा लावलेलं.
बुंध्यातून डिंक ओघळायला लागला.
बोर्डो मलम लावलं, आळं मोडून पाणी दूर नेलं,
दोन मृगबहार वाट पाहिली.
चैतराम उईके कुऱ्हाड टेकवून म्हणाला,
"काढा बाई. वाळलं ते."
मी नखानं साल खरवडली.
एका बाजूनं हिरवं होतं, थोडंसं, वेलदोड्याएवढं.
तो काहीच बोलला नाही,
तंबाखू मळत राहिला.

पाच ओंडके झाले.
टिनाखाली सगळ्यांत मागे ठेवले,
वर सुतळी बांधली, जणू कोणाचं पार्सल आहे.
दोन हिवाळे ते तिथंच.
रचताना दरवेळी ते आपोआप खाली जात,
म्हणजे मीच खाली सारत असे.

परवा पहाटे सरपण संपलं.
गुलमोहर फुसफुसत होता, तोंडातून फेस काढत,
डोळ्यांत धूर, बंबाला कान लावला तर गप्प.
मी सुतळी सोडली नाही, कापली.

संत्र्याचा वास येईल असं वाटलं होतं.
नाही आला.
धुरासारखा धूर.
पण आच अशी लागली की पाणी उकळून
झाकण खडखडायला लागलं,
गार पाणी मिसळावं लागलं, दोनदा.

केस पुसत बाहेर आले तर
चैतराम वांग्यांच्या वाफ्यात वाकलेला,
मावा पडलाय म्हणून पानं उलटवत.
वर न बघता म्हणाला,
"आज काय जाळलं बाई? चांगलं पेटलं."

"पेरू," मी म्हटलं.

वहीतही तेच लिहिलं.
पेरू, एक ओंडका.
चारची नोंद कुठे करायची,
अजून ठरत नाही.