छेद

तक्त्यात दोन रकाने आखले मी:
डावीकडे स्टँडवरच्या रिक्षा,
उजवीकडे मोबाइलवर बोलावलेल्या गाड्या.
संस्थेला मार्चअखेर अहवाल हवा होता
आणि उत्तर एका वाक्यात:
रात्री एकट्या बाईनं कशात बसावं?

डावीकडे एकोणीस तक्रारी, उजवीकडे सात.
मॅडम म्हणाल्या, झालं की मग, लिहून टाक.
मी म्हटलं, छेद कुठाय?
एकोणीस भागिले किती?
सात रस्ता, आसरा चौक, विजापूर वेस,
दिवसाला किती जणी चढतात,
शेअर रिक्षात चौथी, मांडीवर पोर घेतलेली,
ती एक मोजायची का दोन,
हे कुणाच्या वहीत आहे?
कंपनीला मेल केला. तिकडून आभार आले.
आरटीओतल्या म्हेत्रेसाहेबांनी परमिटचा आकडा दिला.
त्यातल्या किती रिक्षा अजून धावतात
आणि कितींत आता कोंबड्या झोपतात,
ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग बायकांकडे गेले.
कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत अंबूबाई चिप्पा
पानं कातरता कातरता म्हणाली,
"तसं काय झालं नाही बघ कधी."
कात्री थांबली नाही.
"एकदा त्यानं आरसा खाली केला.
एकदा पुलाखालनं नेलं, जवळ पडतं म्हणून.
मी मोठ्यानं दिराशी फोनवर बोलत राहिले.
फोनला बॅलन्स नव्हता."
सून हसली. मीही हसले.
तळाशी 'इतर' म्हणून बोटाएवढी जागा सोडली होती,
ती त्या दुपारी कागदाच्या पाठीवर गेली,
तिथून वहीत.

स्टेशनवर उतरले तेव्हा पावणेबारा.
पुण्याची गाडी दीड तास लेट.
दारातच रिक्षावाल्यांच्या हाका.
मी आकडेवारीची बाई,
सगळ्यांना नको म्हणत मोबाइल काढला,
कारण सात एकोणिसांपेक्षा कमी असतात
आणि भीतीला छेद लागत नाही.
नाव आलं: इरण्णा कलशेट्टी, चार पूर्णांक सहा तारे,
अंतर शून्य मिनिटं.
आत्ताच ज्याला नको म्हटलं होतं
तोच हात वर करून म्हणाला,
"मीच की ओ मॅडम."

तीच रिक्षा. आरशाला तेच वाळलेलं लिंबू.
भाडं तेवढं अठरा रुपयांनी कमी.
रस्ताभर कळेना, याला कुठल्या रकान्यात घालू.
शेवटी त्यालाच विचारलं.
"मला कुठंबी घाला," म्हणाला,
"पण मागं बसलेल्यानं सुरी लावली,
मागच्या दिवाळीत, अकराशे गेले,
ते कुठं लिहिताव?"
मी बाहेर बघितलं. चादरीच्या दुकानांची शटरं,
एका शटरखाली उजेडाची रेघ.

घर आलं.
आईनं लावलेली सवय, बसायच्या आधीच
नंबर तळहातावर लिहिला होता पेनानं,
फोनमध्ये तो असूनसुद्धा.
घामानं शेवटचे दोनच आकडे उरले होते.
फोननं विचारलं, किती तारे?
पाच दाबले. हात धुतला.

मग वहीत लिहायला बसले:
तारीख, वेळ, स्टेशन ते जुळे सोलापूर.
काय झालं: काही नाही.
लिहिलं आणि बघत राहिले.
अशी ओळ अख्ख्या तक्त्यात दुसरी नव्हती.
अंबूबाईचीही नव्हती;
तिचं 'काही नाही' तर
वहीची तीन पानं भरून होतं.