चित्र नाही

साखळीच्या बाजारात खताच्या दुकानावर माझी खोली.
जिन्यात युरियाचा वास, वर दोन मॉनिटर,
आणि गेल्या मोसमाची अजून न संपलेली लग्नं.

उल्हास गावसने रुमालाची गाठ सोडली,
पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.
बाबाचं रणमालें, म्हणाला. शेवटचं.
भाच्याच्या नव्या मोबाइलवर घेतलेलं,
तो मोबाइल आता म्हादईच्या तळाशी.

फाइल आत ओढली.
टाइमलाइनवर आवाजाची हिरवी पट्टी उमटली
आणि तिच्यावरची जागा मोकळीच राहिली.
काळं चित्रसुद्धा नाही.
"चित्र खंय?"

मी नाव बदलून पाहिलं. कॅशे पुसला.
मशीन बंद करून पुन्हा चालू केलं,
माझ्या धंद्यातला नवस तोच.
साधा प्लेअर उघडला, त्याने
चित्र दाखवायचे वेगळे पैसे मागितले.

उल्हासला सांगितलं:
चित्र आहे रे आत, घट्ट घडी घालून ठेवलंय.
नव्या मोबाइलची घडी माझ्या सात वर्षं जुन्या सॉफ्टवेअरला
उलगडत नाही. आवाज साधा बांधलाय, म्हणून सुटला.
दुसऱ्या साच्यात ओतावी लागेल फाइल. वेळ लागेल.
बसतो, म्हणाला.

कन्व्हर्टर लावला. तीन टक्के.
तोवर काय करायचं, म्हणून पट्टी वाजवली.
घुमट. कांसाळें. जनरेटरची घरघर.
खोकला आला तसा उल्हास म्हणाला, हा सीताकाका.
हिरव्या लाटेतल्या एका उंचवट्यावर
त्याने बोट ठेवलं, काचेला न टेकवता:
इथं बाबानं पाय आपटला.
मग जत सुरू झाली
आणि तो डोळे मिटून सांगत राहिला
खांद्यावर पिवळी शाल, उजवा हात कानामागे,
पेट्रोमॅक्स डावीकडे
(पेट्रोमॅक्स? जनरेटर तर ऐकू येत होता.
मी बोललो नाही.)

एकेचाळीस टक्क्यांवर लाइट गेली.
पुन्हा शून्यापासून.
खाली शटरं पडली, वाळवंटीवरून डास आले,
दोन वेळा चहा झाला, तिसऱ्या वेळी सोलकढीच मिळाली.

रात्री सव्वा वाजता चित्र आलं.
जमीन.
प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय, कुणाची तरी सँडल,
लहान मुलाच्या हातातला फुटाणे भरलेला कागद.
भाच्याने मोबाइल धरला होता, बघत मात्र
तो स्वतःच्या डोळ्यांनी होता, समोर.
चौदाव्या मिनिटाला हात वर गेला, सहा सेकंद:
ट्यूबलाइट. माणसांची रांग.
बाबा गात नव्हता.
पाळी येईपर्यंत बनियनच्या कडेने
मान पुसत उभा होता.
शाल नव्हती.

आवाज अर्धा सेकंद पुढे धावत होता,
तेवढा मी जुळवून दिला.
उल्हासने सहा सेकंद चार वेळा बघितले.
विचारलं, रंग घालता येतो का, नसलेल्या शालीला?
येईल काहीतरी, म्हटलं.
जरा थांबून म्हणाला, नाका. ऱ्हांव दी.

दोन्ही फाइली भरून दिल्या,
जुळवलेली आणि मुळातली.

तुळशीच्या लग्नानंतर त्याचा फोन आला.
घरच्या टीव्हीवर चित्र येत नाही म्हणे.
मी म्हटलं, तू पहिलीच फाइल लावली असशील,
दुसरी लाव, तिला चित्र आहे.
"माहीत आहे."
मागे घुमट चालू होतं.
कुणीतरी खोकलं, आणि घरातली सगळी एकदम हसली.