जिलेबी

राकसकोपच्या फुगवट्यातून
बिसलेरीच्या बाटलीत दोन आले,
बोटाएवढे, मातकट.
धाकटा दीर भरमा म्हणाला,
वहिनी, टाकी रिकामीच हाय नव्हं?

रिकामीच होती.
सोनमासे एप्रिलात गेले.
लाईट पाच तास नव्हती, हवेचा पंप बंद,
सकाळी सगळे आडवे, वर.

हे दोघं लाईट गेली की निवांत.
माग थांबले की आमच्या वडगावच्या घरात
घड्याळ असल्याचं कळतं,
आणि टाकीतलं पाणी, दिवसभर
चार मागांच्या खडखडाटानं शहारणारं,
एकदम सपाट होतं.
तेव्हा ते वाळू तोंडात घेतात
नि थुंकतात.
घेतात नि थुंकतात.
ताटलीएवढा खड्डा होईस्तोवर.
मी लावलेलं प्रत्येक झाड उपटून
तरंगत ठेवतात वर,
उसनं परत केल्यासारखं.

आम्ही म्हणतो चिलापी.
शेजारची निंगव्वा म्हणते जिलेबी,
कानडीत माशाचं नावच ते.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पूर्वानं
तिच्यापुढं हात पसरला.
निंगव्वा हसून हसून उंबऱ्यावर बसली.
तेव्हापासून दोघांनाही जिलेबीच.

बुधवारी मासे घेऊन येणारा यल्लाप्पा
टाकी बघून पाटी खाली ठेवायचीच विसरला.
ह्ये घरात पाळलंयस?
ह्यांनी आमच्या मळव्याची अंडी खाल्ली,
खवली कुठं गेली इचार.
जाळं वर वढलं की ह्येच. ह्येच. ह्येच.
आणलं कुणी, मी म्हटलं.
कुणी म्हंजे?
बापाच्या टायमाला सायब आले जीपमधनं,
डबेच्या डबे वतले पाण्यात.
लवकर वाढतंय म्हणाले, खावा.
वाढलं की मग.

चहा झाला तरी उकिडवा बसून होता काचेसमोर.
देखणं हाय पण, म्हणाला शेवटी.
जाळ्यात दिसत न्हाई त्ये.

पुढच्या श्रावणात नर काळा पडला,
पंखांना इरकली काठासारखी लाल कड.
मादीनं खाणं सोडलं.
दाणे तिच्या नाकासमोरून खाली जात,
गाल फुगलेले, ओठ मिटलेले.
आजारी हाय, काढून टाक, हे म्हणाले.
मी काही बोलले नाही.
तोंडात काहीतरी धरून
दोन आठवडे घरात कसं वावरायचं
ते मला ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी, लाईट नसताना,
बॅटरीच्या उजेडात तिनं तोंड उघडलं
आणि पाण्यात तीळ सांडले.
डोळे असलेले तीळ.
एकशे दहापर्यंत मोजले, मग चुकले.

आता भरमा म्हणतो, कपिलेश्वराच्या तळ्यात सोडूया,
कोण बघतंय रातीचं.
खडेबाजारातला टाकीवाला लतीफ म्हणतो
फुकट दिलीस तरी नको ताई,
माझे बाकीचे मासे मला हवेत.
निंगव्वा म्हणते, जरा मोठी होऊ देत,
चिंच घालून सार करू.
यल्लाप्पाला मी विचारलंच नाही.

ह्यांची आई इथल्याच पाण्यातली.
आजीही. तिचीही आजी, बहुतेक.
डब्यातून आलेली एखादी त्याच्याही मागं कुठंतरी,
आणि खवलीची अंडी मात्र
खरोखरच खाल्लेली.
दोन्ही गोष्टी मी एकाच डोक्यात ठेवून
बादली घेऊन उभी राहिले.

तेवढ्यात लाईट आली.
चारही माग एकदम सुरू झाले,
पाणी थरथरलं,
आणि सगळे तीळ
एका क्षणात परत तिच्या तोंडात.
टाकीत फक्त दोघं.
जणू काही झालंच नाही.

बादली मी मागाखाली सरकवली.
रविवारी वाळू तेवढी सपाट करायची आहे.
ती पुन्हा खणेल.