तिसऱ्या किलोमीटरचा गूळ

यंदाही शर्टावर 'पवार' छापून आलंय.
दूध डेअरीचं नाव मात्र अचूक, आणि मोठं.
आई म्हणाली, असू दे, माणूस तोच.
मी मार्करनं 'प'ला काना-मात्रा दिली.
दीडशे शर्टांतल्या एकावर तरी
बाजीराव पोवार, लीडिंग फायरमन,
दुरुस्त झाले.

टॉवरपाशी सहाला मुजावरकाका शिट्टी फुंकतात.
ड्युटीवरचीच ती; आतला मणी कधीच हरवलाय,
नुसती हवा येते.
तरी सगळे पळतात.

मला पळायला आवडत नाही.
निदान आज हे कुणाला सांगायचं नसतं.
बाबाही पळत नसत.
गंगावेशीत दूध प्यायला जायचो, रमतगमत,
म्हशीखालचा पेला, मिशीला फेस;
आणि स्टेशनात घंटा झाली
तरी आधी बूट, मग गाडीकडे भरभर चालत.
म्हणायचे, पळणारा पडतो गं,
आणि पडल्याला पाइप धरता येत न्हाई.

एकदाच पळाले म्हणे.
मार्केट यार्डात गोदाम पेटलेलं,
गुळाचे रवे वितळून गटारीपर्यंत आलेले,
कोण तरी ओरडलं, इराप्पा आतच ऱ्हायलाय!

इराप्पा हमाल मागच्या दारानं
केव्हाच बाहेर पडला होता.
टपरीमागं तोंड धूत होता.

बुटांना चिकटलेला गूळ
आई दोन दिवस गरम पाण्यानं सोडवत बसली.
तेव्हापासून आमच्याकडं पुरण साखरेचं.

शालिनी पॅलेसच्या वळणावर
दरवर्षी तो उभा असतो, घमेलं घेऊन:
गूळ, शेंगदाणे, पाण्याचा माठ.
कुठल्या कमिटीनं बोलावलेला नाही.
मान खाली, जणू घमेल्यातच काही वाचतोय.
आणि मी, नऊ वर्षं,
तिथं आलं की रस्त्याची पल्याडची कड धरते,
घड्याळ बघते,
वेग वाढवते. माझा तेवढाच टप्पा वेगाचा.

यंदा पुढं एक पोरगं होतं, अनवाणी,
खाकी चड्डी, नंबर पोटावर उलटा टाचलेला.
थांबलं. मूठभर उचललं.
'मामा, ह्ये फुकट हाय?'

'न्हाई रं,' इराप्पा म्हणाला,
'फुकट न्हाई,'
आणि त्याचा खिसा भरला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही.
पाय मंदावले एवढं खरं.
रस्ता ओलांडला. हात पुढं केला.
त्यानं आधी आपला हात
सदऱ्याला पुसला, दोनदा,
मग खडा ठेवला.
माझ्या शर्टाकडं बघितलं असेल, नसेल.
दोघंही काही बोललो नाही.
पाणीही प्यायले, गार होतं.

उरलेलं अंतर चालतच.
रंकाळ्यावर ऊन चढलेलं,
फिरायला आलेल्या म्हाताऱ्याही पुढं गेल्या.
टॉवरपाशी मुजावरकाका
एकटेच दोरी गुंडाळत होते.

'पडलीस काय कुठं?'

'न्हाई काका. चालत आले.'

दाढेत उसाचं एक कसपट
अजून अडकलेलं होतं.