चौकोनी कंस

राईनकाठच्या या इमारतीत माझं काम साधं आहे.
पडद्यावर मसुदा, आणि मी कळफलकावर.
ज्या शब्दावर एकमत नाही
त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस घालायचा,
भांडण मिटलं की काढायचा.
सकाळी परिच्छेद सतरामध्ये एकशे बारा कंस होते.
आता रात्रीचा दीड. उरले एकोणीस.

माझ्या भाषेत कंस हे एका मामाचंही नाव आहे,
सख्ख्या बहिणीला कोंडणाऱ्या.
पण ते इथे कुणाला सांगणार?

कॉफी संपली. दुभाषे सहालाच गेले,
त्यांचे काचेचे कोनाडे अंधारात.
आता जो इंग्रजीत जागा राहील, त्याचं खरं.

बड्या देशांची माणसं पाळीपाळीनं झोपून येतात,
दाढी करून, ताज्या शर्टात.
मलावीची तियामिके न्यासुलू एकटीच.
तिच्या सोबतच्या काचिंग्वे यांना व्हिसा मिळाला म्हणे,
बैठक संपते त्या तारखेचा.
तीन खोल्यांत तीन चर्चा एकाच वेळी,
आणि ही जिन्यात धावत,
चितेंजेच्या कापडात लॅपटॉप
तान्ह्या बाळासारखा पाठीला बांधून.
(पाहिलं म्हणून सांगते,
नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.)

अडलंय कुठे?
'देतील' की 'द्यावेत'.
शाळेत मास्तर शिकवायचे: विध्यर्थ,
म्हणजे इच्छा, कर्तव्य, योग्यता, शक्यता.
वसुली त्यात नव्हती.

समोरचे गृहस्थ मऊ आवाजात म्हणाले,
जबाबदारी सगळ्यांची, सारखीच.
मला पंगत आठवली.
दीडशे वर्षं वाढपी एकाच रांगेतून फिरतोय,
दुसऱ्या पंगतीचे हात धुऊन उभेच,
आणि पहिलीतले ढेकर देत उठतात, म्हणतात:
चला, भांडी मात्र सगळे मिळून घासू.

तियामिके असलं काही बोलली नाही.
ती पुलाबद्दल बोलली.
शिरे नदीवरचा, वाहून गेलेला.
मग कर्ज काढून दुसरा बांधला. तोही गेला.
पहिल्याचे हप्ते अजून चालू आहेत.
"नदीवर नसलेल्या दोन पुलांवरून
आमचे पैसे रोज तुमच्याकडे पोचतात," ती म्हणाली,
"वेळेवर."

कुणी हसलं नाही.
कुणीतरी पाणी प्यायलं.

तीन चाळीसला तडजोड आली.
सगळे कंस काढू, 'देतील' सुद्धा मान्य,
फक्त 'हानी' हा शब्द तेवढा सोडा.
त्याजागी 'अनुभव' घालू.
पुराचा अनुभव.
कॉलऱ्याचा अनुभव.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
माझं बोट पुसायच्या कळीवर.

"थांबा," ती म्हणाली.
"कंस राहू दे. शब्द काढू नका.
कोंडलेला असला तरी
अजून जिवंत आहे तो."

मी बोट उचललं.
मामाची गोष्ट हिला कुणी सांगितली?

पहाटे कागद छापून निघाले.
परिच्छेद सतरा, कंस एक.
'देतील' पुन्हा 'द्यावेत' झालं होतं, ते कधी
ते मलाही नीट आठवत नाही, आणि टंकलं मीच.
बाहेर फेब्रुवारी असून बर्फ नव्हता.
सफाईवाला खुशीत म्हणाला,
हल्ली थंडी पहिल्यासारखी छळत नाही.

तिचा फोन टेबलावर राहिला होता.
द्यायला धावले, तेवढ्यात उजळला:
चिक्वावाहून भाऊ, म्फात्सो.
दर दोन तासांनी नदीची पातळी पाठवतो,
नुसता आकडा, बाकी काही नाही.
सात मीटर दहा.
त्याला कंस नव्हता.

तिनं वाचलं, फोन खिशात टाकला,
पाठीवरची गाठ घट्ट केली
आणि विचारलं,
नऊच्या बैठकीआधी
इथे खायला काही मिळतं का.