जाताना दे

सांतोसला जहाजावरून उतरलो तेव्हा मंगळवार होता.
मग वार मोडत गेले.
दोहाच्या बाकावर बुधवार की गुरुवार,
बूट पायांना घट्ट,
आणि खिडकीबाहेर तासन्‌तास तेच एक पांढरं,
ज्याला ना भरती ना ओहोटी.

नऊ महिने ज्या पाण्यावर काढले
ते समोरच्या पडद्यावर निळा डाग,
त्यावरून बोटाच्या पेराएवढं विमान सरकत होतं.
शेजारच्याने विचारलं, घर कुठे?
मुंबई म्हणालो.
वेलदूर समजावून सांगण्याइतकी
झोप झाली नव्हती.

मुंबईहून रात्रभर गाडी.
मंडणगडच्या वळणांवर ओकलो,
मी, जो इंजिनरूममध्ये
भर वादळात उभ्याने जेवतो.

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट भरत होती,
दोन टेम्पो, बर्फाच्या पेट्या, एक शिवणयंत्र.
शमशुद्दीनने तिकीट फाडलं, वर बघितलं,
"सुकलास रे," म्हणाला, आणि सुटे मागितले.
माझ्या खिशात तीन देशांची नाणी,
आपलं एकही नाही.
"राहू दे. जाताना दे."

दहा मिनिटांचं पाणी.
इंजिनाची धडधड तळव्यांतून वर आली,
एका सिलिंडरला खोकला.
सवयीने उठलो,
पुन्हा बसलो.
ज्याचं आहे तो बघेल.

धोपाव्याच्या उतारावर
एक बाई कालवं फोडत होती.
तिला विचारलं, आज वार कुठला?
मान वर न करता म्हणाली,
"वार काय माहीत.
भांग लागलीय कालपासून."